परबकाकांच्या तोंडची स्कूटर

लालबागेत कुणी सत्तरीचा गृहस्थ विजेच्या स्कूटरवर बसून तोंडाने 'फट् फट् फट्' करत जाताना दिसला, तर तो वेडा आहे असं समजू नका. ते आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे परबकाका.

मी त्यांच्या अगदी खालच्या घरात राहतो, म्हणजे हे मला रोज ऐकावं लागतं. नुसतं फटफट असतं तर सोडून दिलं असतं. पण हा माणूस गियरसुद्धा बदलतो. एकदा मी मागे बसलो होतो. चिंचपोकळीचा पूल लागला तसे काका दुसऱ्या गियरला आले आणि धाप लागल्यावर पहिल्याला. गाडी बिचारी आरामात चढत होती. शेजारचा टॅक्सीवाला मला म्हणाला, "अंकल को हॉस्पिटल ले जा रहे हो क्या?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

काकांची सगळी नोकरी तेल कंपनीत गेली. जुनी स्कूटर भंगारात निघाली तेव्हा ठाण्याच्या लेकीने ही गाडी घेऊन दिली. सोसायटीने गच्चीवर सोलर बसवलंय, त्यावरच ती चार्ज होते. त्यामुळे काका सकाळी सूर्याला हात जोडतात आणि म्हणतात, "टाकी फुल्ल कर रे बाबा." ढग आले की पंप बंद म्हणून जिन्यात बोंब मारतात. आणि पेपरात तेलाची मागणी घटणार असं काही छापून आलं की दिवसभर चेहरा पाडून बसतात.

"माझ्यामुळे झाला रे ह्या," ते मला म्हणतात. "आता त्या शेखांनी काय करायचं? चणे विकायचे?"

"काका, तुमच्या लिटरभर पेट्रोलने त्यांचं काय वाकडं होणार?"

"थेंबे थेंबे तळे साचे, तसं ते थेंबाथेंबानेच आटतं."

"मग हा आवाज कशाला काढता?"

"जन्मभर तेलाचं मीठ खाल्लं. एवढं तरी नको करायला?"

तेलाचं मीठ! मी कपाळावर हात मारला, पण विश्वास ठेवला. एकदा हवालदाराने अडवून "सायलेन्सर कुठाय?" असं विचारलं, तर या गृहस्थांनी तोंडाला रुमाल बांधला आणि फटफटत निघून गेले.

यंदा गणपतीत मात्र आरत्या म्हणून म्हणून काकांचा घसा पार बसला. संध्याकाळी मी घरी आलो तर हे खाली स्कूटरवर तसेच बसलेले.

"वर का जात नाही?"

"आवाज निघत नाय," ते कसेबसे म्हणाले. "तू काढ."

"मी? मला काय वेड लागलंय?"

काकांनी माझा हात धरला. "तुझ्या काकूला आता दिसत नाही, तुला ठाऊक आहे. गाडी ऐकली की समजते मी आलो, आणि चहा ठेवते. ही नवी गाडी आणली त्या दिवशी मी आवाज न करता घरात शिरलो. भिंतीला चिकटून थरथरत उभी होती रे. माझ्याच बायकोला मी चोर वाटलो."

गेटवर चार माणसं उभी होती, पण लाज गुंडाळून ठेवली आणि फटफटलो. गियरही बदलला.

वर खिडकीत काकू आल्या. "दिनेश, पुरे कर बाबा. त्यांना म्हणावं, गाडीचा घसा सकाळपासून बसलाय, ते ऐकलंय मी. चहात आलं जास्त घातलंय."

काकांचे ओठ नुसतेच हलले, म्हणून त्यांच्या वतीने मीच ओरडून विचारलं, "काकू, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या फटफटीपासून. गाडी कधी शिंकते का रे?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर त्यांनी बंद केलं असतं," काकू म्हणाल्या. "मग मी दिवसभर कशाची वाट बघायची?"

काकांनी चष्मा काढून पुसला. मग किल्ली खिशात टाकली आणि बसल्या घशाने, खिडकीकडे बघत, एकदाच हळू फट् केलं.