दिगंबरकाकांचा हौ

दिगंबरकाकांसमोर साधं 'हो' म्हणायची चोरी. हैदराबादला काचीगुड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. "काका, चहा?" म्हटलं की आधी "हौ" म्हणतात, मग चहा निवेपर्यंत त्या 'हौ'चं कूळ सांगतात.

"आपलं 'होय' आलं 'होणे'तून. तेलुगूचं 'अवुनु', कन्नडचं 'हौदु', त्यांच्याही पोटात 'होणं'च. मग आपल्या हैदराबादच्या 'हौ'चं माहेर कोणतं? बोला!"

मी काय बोलणार, कपाळ? मला ऑफिसची बस गाठायची असते.

एकदा मी सोबत असताना सुलतान बाजारात त्यांनी रिक्षावाल्यालाच धरलं. "मियाँ, ये 'हौ' कां से आया?"

"मेरेकू क्या मालूम चाचा? बैठते क्या?"

"हौ!" म्हणाले आणि जे डोळे मिटून बसले, ते घर मागे पडलं तरी उघडेनात. "कुणी हौ म्हटलं, की गोष्ट होते रे," एवढंच पुटपुटत होते. रिक्षा मी वळवून घेतली.

मागच्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून काका सकाळी फिरायला निघाले की आधी आमच्याकडे थांबतात. 'हौ'चं पुराण झालं की दारात म्हणतात, "येतो." स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी सुनंदा, माझी बायको, ओरडते, "हौ काका, या!" निघताना 'जातो' म्हणायचं नाही आणि आतून कुणीतरी 'या' म्हणायचं, ही आपली जुनीच रीत.

परवा सुनंदा नांदेडला माहेरी गेलेली. पुराण संपवून काका आत बघत म्हणाले, "येतो."

मी बुटांची नाडी बांधत होतो. काका हलेनात. "येतो हं," पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

"काका, सुनंदा माहेरी गेलीय."

"हौ, ठाऊक आहे." त्यांनी चपला काढल्या. "राहू दे. आज नाही जात फिरायला."

"का हो?"

"तुझी काकू बिदरची, कानडी मुलखातली. मी येतो म्हटलं की आतून 'हौ' म्हणायची. ते ऐकल्याशिवाय जिना उतरवत नाही रे."

वर्षभर हा माणूस आमच्याकडे शब्दासाठी येत नव्हता, उत्तरासाठी येत होता.

बस गेली तर गेली. मी स्वयंपाकघरात गेलो, ओट्याशी उभा राहिलो आणि तिथून ओरडलो, "हौ काका, या!"

दारात पुन्हा चपला सरकवल्याचा आवाज आला. मग त्या जिन्यावर वाजल्या, सावकाश, पार खालपर्यंत.