रोशन भोयेचे चार बाप

रोशन भोये नववीत असताना त्याला एका वर्षात तीन बाप झाले. तिघांनाही मी स्वतःच्या हाताने खुर्ची दिली, दोघांना चहा पाजला आणि एकाची बोलणी खाल्ली.

हा किस्सा मी पुष्कळदा सांगितला आहे. निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर, लग्नाच्या जेवणावळीत, नातवंडांना झोपवताना. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. पण मी तो नेहमी तिसऱ्या बापापाशी थांबवतो. चौथा बाप मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. सत्तरी जवळ आली. आता सांगून टाकतो.

रोशन पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. नाशकात सरकारी वसतिगृहात राहायचा आणि आमच्या शाळेत यायचा. मी त्याचा वर्गशिक्षक. अंगाने काटकुळा, वरच्या ओठावर कोळशाने ओढल्यासारखी पुसट रेघ, आणि आवाज नुकताच फुटलेला. वाक्य सुरू व्हायचं फौजदाराच्या आवाजात आणि संपायचं मांजरीच्या. त्याची त्याला लाज नव्हती. वाक्य चिरकलं की तो थांबायचा, खाकरायचा आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणायचा, जणू आधीचं आम्ही कुणी ऐकलंच नाही.

त्याचं लाडकं वाक्य एकच. 'व्यवस्था होईल, सर.'

खडू संपला, व्यवस्था होईल. नकाशा फाटला, व्यवस्था होईल. एकदा स्नेहसंमेलनात ऐन नाटकात वीज गेली. रोशन राजाच्या वेशात कुंपणावरून पलीकडे गेला आणि शेजारच्या मंगल कार्यालयातल्या जनरेटरची वायर ओढत घेऊन आला. नाटक पार पडलं. मग कळलं, त्या बदल्यात याने आमचं लेझीम पथक तिकडच्या वरातीला कबूल करून टाकलं होतं. मुली वरातीत नाचून, लाडू खाऊन परत आल्या. मी रागावलो तर म्हणाला, "सर, फुकट कसं मागायचं? बरं दिसत नाही."

आता पालकसभा. ज्याचे पालक सभेला येणार नाहीत त्याने दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभं राहायचं, हा नियम माझा. मोठ्या अभिमानाने केलेला. रोशनचे आईवडील पावसाळ्यात घरची भात-नागली करायचे आणि दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागांवर मजुरीला जायचे. मुलगा कोणत्या तुकडीत आहे हे विचारायला नाशकापर्यंत येणं त्यांना परवडणारं नव्हतं. हे मला माहीत होतं. पण नियम म्हणजे नियम.

पहिल्या सभेला रोशनसोबत एक दाढीवाले गृहस्थ आले. "मी भोये," म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मी गणिताचे गुण वाचून दाखवताच ते उठले आणि रोशनच्या पाठीत असा धपका घातला की पहिल्या बाकावरच्या आया दचकल्या. "इतने कम? शरम आती है कि नहीं?" मला त्यांचं फार कौतुक वाटलं. असा जागरूक बाप विरळा. महिन्याभराने घाईत रिक्षा केली. आरशातून तीच दाढी माझ्याकडे बघून हसली.

"साब, अपना रोशन अब कैसा है हिसाब में?"

हे रफीकभाई. वसतिगृहाच्या कोपऱ्यावरच्या स्टँडचे. मी गार पडलो. ते मात्र गंभीर होते. म्हणाले, "एक दिन का बाप बना था साब, पर अब फिकर लग गई. रोज पूछता हूँ उसको, पाढे सुना."

दुसऱ्या सभेला देवळाली कॅम्पचे एक निवृत्त हवालदार आले. वसतिगृहाचे रखवालदार. त्यांनी दारातून मला कडक सलाम ठोकला आणि मग माझीच हजेरी घेतली. "मुलाचं अक्षर कच्चं आहे, हे आपल्या लक्षात कधी आलं? त्यावर आपण काय ॲक्शन घेतली?" हाही बाप तोतयाच, हे ठाऊक असूनही मी चाचरलो. पुढच्या आठवड्यापासून सगळ्या वर्गाला शुद्धलेखन सुरू केलं. तोतया बापाने लावलेली ती शिस्त मी निवृत्त होईपर्यंत चालली.

तिसरे होते शाळेसमोरचे मिसळवाले अहिरे. सगळं छान चाललं होतं. ते रोशनच्या इंग्रजीबद्दल मान हलवत होते, तेवढ्यात दारात दोन वेण्यांची एक मुलगी आली.

"पप्पा, इथे काय करताय? माझा वर्ग पलीकडे आहे. ब तुकडी."

अहिऱ्यांनी मुलीकडे पाहिलं, रोशनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "दोन्ही आपलीच लेकरं हो, सर."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. इथे माझा किस्सा संपतो.

पण तिथे तो संपला नव्हता. हसू मुख्याध्यापिका बाईंच्या कानावर गेलं. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "तुमच्या वर्गात म्हणे बाप भाड्याने मिळतात?" मग शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पहिल्याच सभेला भोयेचा खरा बाप समोर दिसला पाहिजे. नाहीतर पोराचा दाखला आणि तुमचा खुलासा, दोन्ही माझ्या टेबलावर."

तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं बोललं नव्हतं. ज्या पोराचं मी मनातून कौतुक करायचो, त्याचाच मला राग यायला लागला.

पुढच्या वर्षी सभा दिवाळीनंतर ठरली. मी रोशनला बोलावून बजावलं. तो दहावीत आला होता. आवाज आता जाडच राहायचा. पहिल्यांदाच तो 'व्यवस्था होईल' म्हणाला नाही.

"बा बागेवर आहे, सर. मुकादम सोडत नाही."

"ते मला सांगू नकोस. तुझं दहावीचं वर्ष आहे."

"आणतो," म्हणाला.

सभेच्या दिवशी मी खिडकीत उभा होतो. फाटकाशी रफीकभाईंची रिक्षा थांबली, तेव्हाच माझं डोकं फिरलं. पुन्हा तीच टोळी. रिक्षातून रोशन उतरला आणि त्याच्यामागे एक बारका माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांदे दंडापर्यंत उतरलेले, बाह्या बोटांवर. पँट कमरेला सुतळीने आवळलेली. पायात काही नाही. मला वाटलं, या वेळी कपडेपटावर बराच विचार केलेला दिसतोय.

तो माणूस आत आला. मी खुर्ची दिली नाही.

"कोण आपण?"

"येवाजी भोये. रोश्याचा बा."

"हो का? मग सांगा बरं, मुलाची जन्मतारीख काय?"

तो विचारात पडला. निळसर बोटं एकमेकांत गुंतवली. तो निळेपणा फवारणीच्या औषधाचा होता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"नागली लावाय घेतली व्हती, साहेब. तवाचा हाय."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मी हजेरीपट उघडला. "इथे एक जून लिहिलंय. एक जूनला नागली लावतात तुमच्याकडे?"

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या पोराची तारीख घरच्यांना सांगता येत नाही, त्याची आम्ही मास्तर मंडळी डोळे मिटून एक जून लिहायचो. मी स्वतः असे कित्येक एक जून लिहिले आहेत. माझी स्वतःची कागदावरची तारीखही एक जूनच आहे. तरीही मी त्या माणसाला तो प्रश्न विचारला.

"मुलगा कोणत्या तुकडीत आहे? वर्गशिक्षकाचं नाव काय?"

"मोठ्या साळंत हाय, साहेब. माझा पोसा लय हुशार हाय." एवढं बोलून तो रोशनकडे बघून हसला. बारीक, अवघडलेलं हसू. पालक आता उघड हसत होते. मलाही ते बरं वाटत होतं.

"पुरे," मी म्हणालो. "या तुम्ही आता."

मी रोशनकडे पाहिलं. 'सर, हाच माझा खरा बाप आहे,' असं एक वाक्य तो बोलला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो बोलला नाही. का बोलला नाही ते मला फार उशिरा कळलं. ते वाक्य बोललं असतं, तर आधीचे खोटे कोण होते हे येवाजीला कळलं असतं. आपल्या जागी पोराने तिघांना उभं केलं होतं, हे त्या माणसाला कळलं असतं.

"झाले ना प्रश्न, सर?" रोशनने अगदी शांत आवाजात विचारलं. मग बापाच्या दंडाला धरून, म्हाताऱ्या माणसाला उतरवावं तसं त्याला पायऱ्यांवरून खाली घेऊन गेला. येवाजीने जाताना मला हात जोडले.

संध्याकाळी फाटकाशी रफीकभाईंनी मला हाक मारली. चेहरा नुसता फुललेला. "देखा न साब, आज असली बाप लाया. मैं खुद दिंडोरी जाके ले आया, मुकादम से झगड के. ट्रॅक्टरवाले का शर्ट पेहनाया उसको."

मी म्हणालो, "हो, भेट झाली."

बाईंना सांगितलं, भोयेचे वडील येऊन गेले. पोराचा दाखला निघायचा वाचला. रोशनला मात्र मी काही बोललो नाही. रोज ठरवायचो, उद्या बोलू. तो दहावी झाला, शाळेतून गेला, मीही निवृत्त झालो. ते उद्या तसंच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात रोशनचा फोन आला. तो आता वायरमन आहे, पेठजवळच राहतो. त्याच्या मुलाचं बारसं होतं. मी बसने गेलो. बारशाला नव्हे, येवाजीची माफी मागायला.

येवाजीने मला लांबूनच ओळखलं. अंगणात बसलेल्यांना ओरडून सांगायला लागला. "हेच ते साहेब. यांनी माझी परीक्षा घेतली व्हती." मला बाजेवर बसवून तो सगळ्यांना समजावू लागला. "शहरातल्या साळंत नुस्ती पोरांची परीक्षा नसती. बापाची बी असती. रोश्यानं सांगितलं ना मला, परतताना रिक्षात. माझ्याआधी दुसऱ्या पोरांचे तीन बाप आलते. तिघं बी नापास. मी पयल्या फटक्यात पास."

लोक माझ्याकडे आदराने बघत होते. रोशन बाळाच्या पाळण्याला दिवे बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"साहेब," येवाजी माझ्याजवळ सरकला. "मार्क किती पडलते मला? रोश्या म्हणतो, साहेबांनी सांगितलं नाय."

माफीची वाक्यं मी बसमध्ये पाठ केली होती. त्यातलं एकही मी उच्चारलं नाही. "सगळ्यांत जास्त," मी म्हणालो. तो उठून आत बायकोला सांगायला गेला.

दिवेलागणीला रोशन मला बसपर्यंत सोडायला आला. चालता चालता मी म्हणालो, "रोशन, तो सगळा प्रकार मला लिहायचा आहे. खराखुरा."

"लिहा ना, सर. बा काय वाचत नाही. आणि वाचून दाखवणारा मीच आहे."

बस लांबवर वळणावर दिसली. मी म्हणालो, "तू मला त्या दिवशी काहीच बोलला नाहीस."

"काय बोलणार, सर?" त्याने माझी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याच्या आवाजाला बारीक चीर गेली, पण या वेळी तो खाकरून थांबला नाही. "माझं तोंड डिट्टो बासारखं आहे. सगळे म्हणतात. मला वाटलं होतं, तुम्ही बघताच ओळखाल."