नरहररावांची लाल गाडी आणि पूजेचं लिंबू

एका जंगलात एक साळिंदर राहत असे, आणि त्याच्या दारात एक स्पोर्ट्स कार उभी असे. जंगलात कार कुठून आली हे विचारायला हात वर करू नका. कोल्हा द्राक्षांबद्दल बोलतो तेव्हा तुम्ही गप्प बसता, मग आत्ताच कसं सुचतं? खाली बसा.

साळिंदराचं नाव नरहरराव. गाडी लालभडक, दोन दारांची, आत दोघंच मावतील अशी. ती आधी एका चित्त्याची होती. गाडीपेक्षा आपण पायी लवकर पोचतो, हे चित्त्याच्या बारा वर्षांनी लक्षात आलं आणि त्याने ती काढून टाकली. म्हणजे नरहररावांच्या दारात आली तेव्हाच गाडीचं वय झालेलं होतं. पण चालत होती. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गाडी घेतली ती बायकोसाठी, असं नरहरराव सगळ्यांना सांगत. वेणूबाईंचं माहेर घाटापलीकडे होतं. दर दसऱ्याला त्या पहाटे निघत, घाट चढत, घाट उतरत आणि उन्हं कलायच्या आत आईच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवत. आई घाटाखालच्या वळणावर एका दगडावर बसून वाट बघे. पाय दुखत, पण जाणं कधी चुकलं नव्हतं.

"आता चालायचं नाही," गाडी आणली त्या दिवशी नरहरराव म्हणाले. "या दसऱ्याला तुला गाडीतून नेतो. आईला निरोप धाड. म्हणावं, लाल गाडी दिसली की समजा लेक आली."

वेणूबाईंना फार आनंद झाला. त्यांनी निरोप धाडला. त्या वर्षापासून वेणूबाई माहेरी गेल्या नाहीत.

झालं काय, तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी नरहररावांनी गाडी चिंचेपर्यंत नेली आणि परत आणली. छान गेली, छान आली. फक्त थांबताना 'कुईं' असा एक बारीक आवाज झाला. तो नेमका बंडोपंतांनी ऐकला.

बंडोपंत म्हणजे समोरच्या उंबरावरचं माकड. त्यांच्याकडे गाडी नव्हती. त्यामुळे त्यांना गाड्यांतलं सगळं कळत असे.

"नरहरराव, कुईं झालं," बंडोपंत फांदीवरून म्हणाले.

"झालं खरं. पण चालतेय की."

"चालतेय म्हणूनच सांगतो. बंद पडली असती तर काही बोललो नसतो. घाटात न्यायची तर एकदा उघडून बघा."

नरहररावांनी गाडी उघडली. मुलांनो, उघडणं सोपं असतं. दुपारपर्यंत अंगणात इतके भाग मांडले गेले की वेणूबाईंना तुळशीपर्यंत जायला वाट उरली नाही. संध्याकाळी नरहररावांनी सगळे परत जोडले. तीन बोल्ट उरले.

"हे कुठले?" वेणूबाईंनी विचारलं.

"कंपनी जास्तीचे देते," नरहरराव म्हणाले. वेणूबाईंनी ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकून ठेवले. कुईं गेलं होतं. त्याबरोबर बाकीचे आवाजही गेले होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. लिंबावरून गाडी पुढे गेली की तिला नजर लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गाडी पुढे गेली नाही.

"मग मी चालत निघू का?" वेणूबाई म्हणाल्या. "अजून पोचेन."

"दारात अशी गाडी असताना तू पायी माहेरी जाणार? लोक काय म्हणतील? थांब जरा. जेवण झालं की चालू करतो."

जेवण झालं. मग झोप झाली. मग आपट्याची पानं सुकली. लिंबं चाकांखाली तशीच राहिली, कारण पूजेची वस्तू उचलायची कशी? घाटापलीकडे म्हातारी अंधार पडेपर्यंत दगडावर बसून होती, असं नंतर कळलं.

मला विचाराल तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. शहाण्या साळिंदराने एक चांगला मिस्त्री गाठला असता. पण नरहररावांनी मिस्त्रीचं नावही काढू दिलं नाही. घरच्या घरी केलं म्हणजे गाडीशी नातं जडतं, असं ते म्हणत. माझंही तेच मत होतं. माझ्या घरामागे ताडपत्रीखाली काय आहे, तो आजचा विषय नाही.

दुसऱ्या वर्षी बंडोपंत म्हणाले, "दुरुस्त करताच आहात, तर जुन्यासारखी कशाला करता? सुधारून घ्या."

आधी सायलेन्सर बदलला. नवा असा होता की इंजिन खोकलं तरी तीन टेकड्यांवरची हरणं पळत. गाडी जागची हलत नव्हती, पण आवाज घाटापलीकडे जात होता. तो ऐकून म्हातारी बिचारी दगडावर येऊन बसे आणि पुन्हा घरी जाई.

मग गाडी खाली बसवली. गाडी जमिनीला जितकी जवळ तितकी जातिवंत, असं बंडोपंतांनी सांगितलं होतं. नरहररावांनी स्प्रिंगा कापल्या. गाडी इतकी खाली आली की तिच्याखाली शिरायला जागा राहिली नाही. पण साळिंदराला खणायला काय लागतं? त्यांनी गाडीखाली बीळ खणलं. हळूहळू ते तिथेच राहायला लागले. वेणूबाई जेवणाचं ताट बिळाच्या तोंडाशी ठेवत आणि वरून बंपर वाजवत.

एक अडचण मात्र होती. साळिंदर रागावलं की त्याचे काटे उभे राहतात. आणि गंजलेला नट फिरवताना न रागावणारा प्राणी अजून जन्माला यायचाय. नट अडला की नरहरराव चिडत, काटे उभे राहत आणि वरून 'फुस्स' असा आवाज येई. असे त्यांनी अकरा टायर खाल्ले. शेवटी वेणूबाई बिळाशी बसू लागल्या. "अहो, चिडू नका. बारा नंबरचा देऊ की चौदाचा?" असं म्हणत त्या एकेक पाना हातात देत. नट उलटा फिरवताय, हेही त्याच सांगत. नरहरराव म्हणत, "तुला यातलं काही कळत नाही."

घरातल्या वस्तू एकेक करून गाडीकडे गेल्या. पाटा चाकाखाली गेला. परात तेल धरायला गेली. आईने दिलेलं मऊ लुगडं बॉनेट पुसायला गेलं, तेव्हा वेणूबाई रडल्या. बॉनेट मात्र असं चकाकलं की त्यात त्यांना स्वतःचे डोळे पुसताना दिसले.

चौथ्या वर्षी इंजिन बाहेर काढून स्वयंपाकघरात ठेवलं. त्याच पावसाळ्यात पुढच्या चाकाखालच्या कुजलेल्या लिंबातून एक रोप वर आलं. वेणूबाई तिथेच भांडी विसळत, त्यामुळे पाण्याची ददात नव्हती. रोप इंजिनाच्या रिकाम्या जागेतून सरळ वर गेलं. बॉनेट बंद होईना, म्हणून ते काढून भिंतीला टेकवून ठेवलं.

"हे उपटू का?" वेणूबाईंनी विचारलं.

"पूजेचं लिंबू आहे. उपटून कसं चालेल?" नरहरराव म्हणाले.

बंडोपंतांनीही दुजोरा दिला. "गाडीत लिंबाचा वास यावा म्हणून लोक बाटल्या टांगतात. तुमच्याकडे झाडच आहे. असं मॉडेल दुसरं नाही."

"मग इंजिन कुठे बसवायचं?"

"मागे! खऱ्या जातिवंत गाडीचं इंजिन मागेच असतं."

इंजिन मागे बसवायला पाच वर्षं लागली. दर दसऱ्याला पूजा मात्र चुकली नाही. दर दसऱ्याला चार लिंबं चाकांखाली ठेवली जात आणि दर दसऱ्याला नरहरराव म्हणत, "जेवण झालं की चालू करतो."

दहाव्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी तुळशीराम गाढव दारात आला. त्याची दोन चाकांची गाडी होती आणि तो घाटाच्या अल्याडपल्याड सामान पोचवत असे. त्या गाडीत सुधारण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ती रोज चालत होती.

"वयनी, म्हातारीनं सांगावा धाडलाय," तो म्हणाला. "म्हनली, डोळ्याला आता निस्ते रंग कळत्यात. लाल कळतंय, बाकी समदं धुरकट. वैद्य म्हनला, संक्रांतीपतूर तेबी जाईल. गाडी येनार आसंल तर ह्याच दसऱ्याला धाडा म्हनं."

वेणूबाई खाली बसल्या. नऊ दसरे आई दगडावर बसली होती आणि त्या बिळाशी बसून एकेक पाना देत होत्या. मग त्या म्हणाल्या, "तुळशीरामभाऊ, मला आत्ताच न्याल?"

"खबरदार!" बिळातून आवाज आला. "माझी बायको गाढवाच्या गाडीतून माहेरी जाणार नाही. या दसऱ्याला माझीच गाडी घाट चढेल. शब्द देतो."

आणि खरं सांगतो, मुलांनो, त्या आठ दिवसांत नरहरराव जेवले नाहीत की झोपले नाहीत. शब्द खोटा नव्हता. फक्त नऊ वर्षं शिळा होता.

दसऱ्याच्या सकाळी सगळं जंगल अंगणात जमलं. पूजा झाली. चार लिंबं ठेवली. वेणूबाई आपट्याची पानं पदरात घेऊन आत बसल्या. नरहररावांनी किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं! मागे बसवलेलं, पाच वर्षं घासलेलं इंजिन असं गरजलं की ससे एकमेकांना बिलगले. नरहररावांचे डोळे भरून आले. त्यांनी गियर टाकला. मागची चाकं गरगरा फिरली, मागची दोन लिंबं चिरडली गेली, चिखल उडून बंडोपंतांच्या तोंडावर बसला.

गाडी तसूभरही हलली नाही. पुढून तिला लिंबाच्या झाडाने धरून ठेवलं होतं. त्याची मुळं आरपार गेली होती.

"झाड तोडा!" तोंड पुसत बंडोपंत ओरडले. "मी पहिल्यापासून सांगत होतो!"

नरहररावांना आयुष्यात आला नव्हता इतका राग आला. काटे उभे राहिले. नवं सीट मागून फाटलं. ते खाली उतरले आणि रागारागाने मागे सरकले. फुस्स. दुसरीकडे वळले. फुस्स. इंजिनही गप्प झालं. सगळं जंगल खाली मान घालून हसू लागलं.

वेणूबाई उतरल्या. त्या हसल्या नाहीत आणि ओरडल्याही नाहीत. त्यांनी भिंतीला टेकवलेलं लाल बॉनेट उचललं. बारा नंबरचा पाना घेतला. लोणच्याच्या बरणीतून नऊ वर्षांपूर्वीचे तीन बोल्ट काढले आणि ते बॉनेट तुळशीरामच्या गाडीला पुढच्या बाजूने घट्ट बसवलं. बोल्ट अगदी मापात बसले. मग झाडाची पाटीभर लिंबं तोडून घेतली आणि गाडीत चढल्या.

"चला, तुळशीरामभाऊ."

"अगं, पण मी?" नरहरराव म्हणाले.

"गाडीत दोघंच मावतात," वेणूबाई म्हणाल्या. "मी आणि लिंबं. तुम्ही चालत या."

नरहरराव चालत निघाले. चढावर त्यांनी गाडीला मागून हातही लावला. कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा गाडी घाटाखालच्या वळणावर आली. म्हातारी दगडावर बसली होती. तिने मान पुढे केली.

"वेणू! लाल दिसलं गं मला! आली बाई गाडी!" ती उठून उभी राहिली. मग डोळे बारीक करून म्हणाली, "पुढे ते गाढवासारखं काय दिसतंय?"

"गाढवच आहे, आई."

"आणि मागून ढकलतंय ते दुसरं?"

"ते तुझे जावई."

म्हातारी चाचपडत पुढे आली आणि तिने बॉनेटवर हात ठेवला. दिवसभराच्या उन्हाने ते चांगलंच तापलं होतं. तिने हात मागे घेतला आणि पुन्हा ठेवला.

"किती तापलंय," ती म्हणाली. "जावईबापू, केवढी जोरात पळवलीत हो गाडी! माझ्यासाठी कशाला एवढी घाई करायची?"

नरहररावांचे सगळे काटे मिटले. ते खाली वाकले आणि म्हातारीच्या पायांना हात लावून म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला सावकाश आणीन, आई."

वेणूबाईंनी आईच्या हातावर सोनं ठेवलं. चुकलेल्या नऊ वर्षांचं एकदम. तुळशीराम रस्त्याकडेचं गवत खात होता. इकडे नरहरराव त्याच्या गाडीखाली वाकून बघू लागले होते. "चाक जरा कुईं करतंय नाही?" एवढं कानावर पडताच तुळशीराम खाणं टाकून गाडीसकट घाटाकडे सुसाट पळाला. त्या जंगलात याहून जोरात कुठलीच गाडी पळाल्याची नोंद नाही.

तात्पर्य : चालणाऱ्या गाडीला पाना जरूर लावावा. नुसती चालवत बसलात तर फार तर सासुरवाडीला पोचाल. नऊ वर्षं दुरुस्त केलीत तर दारात लिंबाचं झाड होईल, बायको मिस्त्री होईल आणि सासूबाईंना वाटेल, जावई किती घाईने आले.