निळ्या गोळीचा नमुना

गोळ्यांच्या कारखान्यातल्या रंगमास्तरांनी (हे पद त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलेलं) नवा रंग घरीच करून पाहायचं ठरवलं आणि तिथेच सगळं फिसकटलं.

त्याचं असं झालं, की कारखान्याच्या निळ्या लिंबूगोळीला समुद्रापलीकडच्या एका देशातून मागणी आली. पण तिकडच्या कायद्यात तो निळा रंग बंद! भाजीपाल्यातून काढलेला असेल तरच चालेल म्हणे. मालक म्हणाले, "ज्याचा नमुना पास होईल, तोच तो घेऊन तिकडे जाईल." तेव्हापासून मास्तरांचे पाय जमिनीवर नव्हतेच. बादली भरून वाहायची आणि हे आपले जहाजाच्या कठड्याला रेलून उभे.

रविवारी दुपारी त्यांनी जांभळा कोबी उकळला, गाळला, साखरेच्या पाकात ओतला आणि वर खायचा सोडा टाकला. पातेल्यात अलगद निळाई उतरली. खिडकीतलं ऊन तिच्यावर हललं आणि मास्तरांचे डोळे भरून आले. (थोडी वाफही होती.) अर्ध्या पाकाच्या गोळ्या पाडून ते स्टुलावर बसल्या बसल्या परदेशी पोचले.

"अहो, लिंबूगोळी ना ही? मग लिंबू कुठंय?" म्हणत बायकोने उरलेल्या पाकात लिंबू पिळलंसुद्धा.

बघता बघता पाक गुलाबी!

"अगं, बुडवलंस माझं जहाज!"

"कसलं जहाज? पातेलं आहे ते, आणि माझं आहे." वाया कशाला घालवायचं म्हणून तिने त्याच्याही गोळ्या पाडल्या आणि मास्तरांच्या डब्यात चार टाकल्या.

सोमवारी मालकांनी निळी गोळी तोंडात टाकली. "मास्तर, ही खायची की अंगाला लावायची?" सोडा नको तितका पडला होता. मालकांच्या तोंडातली ती चव जावी म्हणून मास्तरांनी घाईघाईने डब्यातली गुलाबी पुढे केली.

"वा! निळी राहू दे, हीच पाठवू. कोणी केली?"

मास्तरांनी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं, "हिने."

संध्याकाळी बायको ओल्या हातांनीच खुर्चीत बसली. "मी? परदेशी? मी तर अजून समुद्रसुद्धा पाहिला नाही हो."

मास्तरांना गलबलून आलं. इतकी वर्षं एका घरात राहून हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्याच भरात ते माळ्यावरची सूटकेस काढायला चढले. ती हातातून निसटली, उघडली, आणि आठवड्यापूर्वीच इस्त्री करून भरलेले त्यांचे शर्ट खोलीभर पसरले.

"हे काय?"

"कसर लागते गं बाहेर," मास्तर शिडीवरूनच पुटपुटले.

बायकोने शर्टांखालून पोहण्याची कोरी चड्डी उचलली. "आणि हिला?"

"तिला तर जास्तच लागते."