मूळ प्रतीशी ताडून पाहिले

बाळ पाच आठवड्यांचं झालं तरी त्याची सुंता करायची की नाही, याचा निकाल घरात लागत नव्हता. बाळाचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं. ते दूध पीत होतं, झोपत होतं आणि लंगोट बदलताना बापाच्या शर्टावर नेम धरत होतं. वाद सगळा आईबापांचा. पुढच्या गुरुवारी दवाखान्यात तपासणी होती आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं की काय ते घरी ठरवा, फॉर्म भरून आणा, माझ्या दारात उभं राहून भांडू नका.

बाप म्हणजे छापखान्यात प्रूफं तपासणारे अचूकराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं त्यांना हाक मारलेली कुणाला आठवत नाही. बावीस वर्षांत आपल्या हातून एकही चूक सुटलेली नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि दुसऱ्या कुणी सांगण्याची वाट बघत बसत नसत. खिशाला कायम लाल पेन. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, बसचं वेळापत्रक, बाळाच्या जन्माचा दाखला, सगळ्यावर त्यांचा हात फिरून गेलेला. खोडायची खूण तर ते झोपेतही काढत. एकच खूण त्यांनी कधी वापरली नव्हती. प्रूफवाल्यानं बरोबर असलेला शब्द चुकून खोडला, तर त्याच्याखाली टिंबांची ओळ काढायची आणि शेजारी समासात लिहायचं, 'राहू द्या'. म्हणजे मी मघाशी चुकलो, याची लेखी कबुली. असली कबुली द्यायला अचूकराव काय वेडे होते?

बायको पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायची. दिवसभर शिव्या ऐकून 'नोंद घेतली आहे' म्हणायची सवय, त्यामुळे डोकं थंड. तिनं दोन्ही बाजूंचं नीट वाचून काढलं होतं. सुंता केली तर पहिल्या वर्षात लघवीचा संसर्ग कमी होतो, हे खरं. पण मुळात तो फार थोड्या मुलांना होतो, हेही खरं. पुढे काही रोगांचा धोका कमी होतो म्हणतात. पण मग पुढचं पुढे बघता येईल की. रक्त जास्त जाणं, जखम चिघळणं हे क्वचितच होतं, पण ज्याला होतं त्याला ते क्वचित वाटत नाही. एकूण तिचं मन 'नको'कडे झुकत होतं. खरं सांगायचं तर त्या एवढ्याशा जिवाला कुणी सुरी लावणार, या कल्पनेनंच ती बाळाला आणखी जवळ ओढून घेत होती.

अचूकरावांकडे मुद्दा एकच होता, पण बिनतोड. "माझी झालीय," ते म्हणाले. "चार वर्षांचा असताना. चाळीस वर्षं झाली, कधी आग नाही, खाज नाही, औषध नाही. जिवंत पुरावा तुझ्यासमोर बसलाय आणि तू कागद कसले वाचतेस?"

जिवंत पुराव्यापुढे ती बिचारी काय बोलणार? "नोंद घेतली आहे," एवढं म्हणाली. अचूकरावांनी लगेच फॉर्म पुढे ओढला, 'सुंता करावी / करू नये' यातल्या 'करू नये'वर लाल रेघ मारली आणि सही ठोकली. बायकोनं सही केली नाही. गुरुवारी तिथेच करते म्हणाली.

आता गंमत बघा. दुसऱ्याच दिवशी छापखान्यात त्याच दवाखान्याचं काम आलं. 'सुंता: फायदे आणि धोके, पालकांसाठी माहिती', प्रती पाच हजार. प्रूफ अर्थातच अचूकरावांच्या टेबलावर. मजकुरात एकही चूक सापडेना, त्यामुळे त्यांचं मन जरा खट्टू झालं. मग शेवटच्या पानावर दोन साधी रेखाचित्रं आली. पहिल्याखाली लिहिलं होतं 'सुंता केलेले', दुसऱ्याखाली 'सुंता न केलेले'. अचूकरावांनी चष्मा पुसला. दुसरं चित्र त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं. रोजची गाठभेट. आणि त्याच्याखाली चक्क 'न केलेले'?

शंका आली की मूळ प्रतीशी ताडून पाहायचं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. आणि मूळ प्रत तर चोवीस तास त्यांच्याजवळच होती. प्रुफाची सुरळी करून ते संडासात गेले, कडी लावली, दिव्याखाली उभे राहिले आणि रेघेला रेघ ताडून पाहिली. एकदा पाहून समाधान होईना, म्हणून दोनदा. बाहेर छापखान्याचे मालक ताटकळत उभे होते, त्यांनी दार वाजवलं. "झालंच, ताडून पाहतोय," असं आतून उत्तर आलं. त्यावर मालकांनी दुसऱ्यांदा वाजवलं नाही.

बाहेर येऊन अचूकरावांनी लाल पेनानं दोन्ही ओळींची अदलाबदल केली. मालक म्हणाले, दवाखान्याला एक फोन करून विचारू या का. अचूकरावांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"त्या डॉक्टरीणबाई आहेत," ते म्हणाले. "त्यांना वाचून माहीत. मला प्रत्यक्ष माहीत."

संध्याकाळच्या आत पाच हजार प्रती छापून, घड्या घालून, गठ्ठे बांधून तयार.

सोमवारी पत्रकं वाटली गेली आणि मंगळवारी दवाखान्यात दंगल उसळायची तेवढी बाकी राहिली. एक बाप पोराला काखेत मारून आला. मागच्याच महिन्यात इथे सुंता करून घेतलीय, आणि पत्रकाप्रमाणे बघतो तर झालेलीच नाही. तुम्ही केलंत तरी काय, असं तो सगळ्यांसमोर विचारू लागला. त्याच्यामागे एक आई रडत आली. आम्ही स्पष्ट नाही म्हटलं होतं, तरी आमच्या नकळत करून टाकलीत ना, म्हणून तिनं टेबलावर पत्रक आपटलं. बुधवारपर्यंत असे अकरा जण झाले. दोन आजोबा तर एकटेच आले होते. त्यांना फक्त स्वतःची खात्री करून घ्यायची होती.

दवाखान्यातून मालकांना फोन गेला आणि मालकांनी अचूकरावांना समोर उभं केलं. अचूकराव जागचे हलले नाहीत. चित्रं आपण स्वतः ताडून पाहिली आहेत, पुरावा आपल्याकडे आहे, म्हणाले. दाखवा, मालक म्हणाले. इथे दाखवता येत नाही, अचूकराव म्हणाले. शेवटी मालकांनी हात जोडले. "उद्या त्या बाईंकडे जाऊन काय ते मिटवा. चूक त्यांची असेल तर तुम्ही खुर्चीत. तुमची असेल तर परत येऊ नका."

खुर्ची जाण्याची भीती अचूकरावांना वाटली नाही असं नाही. घरात पाच आठवड्यांचं पोर, बायकोची नोकरी कंत्राटी, म्हणून रजा बिनपगारी. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. बावीस वर्षं. एकही नाही. रात्री जेवताना ते बायकोला एवढंच म्हणाले की जगात कुणाचंच वाचन पक्कं राहिलेलं नाही.

गुरुवारी ते, बायको, बाळ आणि बाळाला धरायला म्हणून अचूकरावांची आई, असे चौघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले. बाई साठीच्या, केस पांढरे, आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा. त्यांनी टेबलावर पत्रक ठेवलं.

"छापखान्यातले ते तुम्हीच? चित्रांखालची ही नावं कुणी फिरवली?"

"मी."

"कशाच्या आधारावर?"

"मूळ प्रतीच्या."

"मूळ प्रत मी पाठवली होती. ती बरोबर होती."

"ती नाही," अचूकराव म्हणाले आणि जरा घुटमळले. आई शेजारी होती. पण सवाल खुर्चीचा होता, म्हणून त्यांनी मान ताठ केली. "माझी सुंता झालेली आहे. चार वर्षांचा असताना ऑपरेशन झालं. आणि मी तंतोतंत त्या दुसऱ्या चित्रासारखा आहे. मग ते 'न केलेले' कसं होईल?"

बाईंनी एकदा चित्राकडे पाहिलं आणि एकदा अचूकरावांकडे. काही बोलणार तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"तुझी कधी रे सुंता झाली?"

"आई, झालं नव्हतं का ऑपरेशन? शुद्धीवर आलो तर सगळीकडे पट्ट्या होत्या."

"ते हर्नियाचं होतं."

अचूकरावांनी खिशातलं लाल पेन चाचपलं. घरात कुणी कधी नीट सांगितलं नाही. त्यांनीच पुढे कॉलेजात असताना कुठेतरी सुंतेबद्दल वाचलं आणि आपलं तेच झालं असणार, असं पक्कं करून टाकलं होतं. "आणि तो व्रण?" ते म्हणाले. "जांघेतला? तो मला जरा वर वाटायचाच. म्हटलं लहानपणी केलेलं, वाढता वाढता सरकला असेल."

"मला विचारायचंस," आई म्हणाली.

"हे आईला विचारतात का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. रडत नव्हत्या. मग त्यांनी बायकोकडे मोर्चा वळवला. "अहो, पण लग्नाला तुमच्या किती वर्षं झाली? तुमच्याही लक्षात आलं नाही?"

"नऊ," बायको म्हणाली. "हे म्हणाले झालीय, मी म्हटलं असेल बाई. मी दुसरं कुठे बघायला गेले होते?"

हे ऐकून सासूबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. असं त्यांनी नऊ वर्षांत पहिल्यांदाच केलं.

बाईंनी मग घसा साफ केला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. फायदे आहेत, थोडे आहेत. धोके आहेत, तेही थोडे आहेत. शहाणी माणसं दोन्ही बाजूंना आहेत. तुमच्या बाळाला कसलाही त्रास नाही, त्यामुळे घाई नाही. निर्णय तुमचा. अचूकरावांनी आधार शोधायला बायकोकडे पाहिलं. तिनं बाळाला सासूकडून घेतलं आणि मांडीवर नीट आडवं केलं.

"तुमचाच मुद्दा घेऊ," ती शांतपणे म्हणाली. "चाळीस वर्षं. आग नाही, खाज नाही, औषध नाही. जिवंत पुरावा आहे, आणि मला तो अगदी मान्य आहे."

इतकी वर्षं ज्या पुराव्याचा अचूकरावांना अभिमान होता, तो एका सेकंदात उठून समोरच्या बाकावर जाऊन बसला होता. बाळानं जांभई दिली. ते एवढंसं तोंड बघून अचूकरावांना एकदम भरून आलं. आपल्या एका चुकीच्या वाचनावर आपण याला टेबलावर निजवायला निघालो होतो.

पत्रकांचं काय, ते बाईंनीच सोडवलं. मालकांना फोन करून त्या म्हणाल्या, माणूस ठेवा, पण पाच हजार पत्रकांवर दुरुस्तीची चिठ्ठी यानं स्वतःच्या हातानं चिकटवायची. आणि इथून पुढे ताडून पाहायचं ते मी पाठवलेल्या कागदाशी. मग त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यावर 'करू नये' लाल रेघेखाली पडलेलं होतं. नवा फॉर्म देऊ का, त्यांनी विचारलं.

"नको," अचूकराव म्हणाले.

त्यांनी लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि फॉर्मवर वाकले. आधी 'करावी'वर रेघ मारली. 'करू नये'च्या खाली त्यांनी एकामागून एक टिंबं काढली, हळूहळू, जणू पहिल्यांदाच शिकत होते. मग समासात लिहिलं, 'राहू द्या'.

बाई म्हणाल्या, "हे काय?"

"आमच्यात असंच लिहितात," बायको म्हणाली आणि पेन नवऱ्याच्या हातातून घेऊन तिनं खाली सही केली.