चालू गाडीचे पाहुणे

वीरेशसाठी मुलगी पाहायला रेणापूरला निघायचं, नेमकी त्याच सकाळी मडिवाळप्पांची गाडी रुसली. किल्ली फिरवली की बॉनेटखाली टक् असा आवाज व्हायचा आणि पुढे सगळं गार. दोन महिन्यांतली ही चौथी खेप. मधल्या काळात बॅटरी नवी घेऊन झाली होती, तीही दोनदा चार्ज करून झाली होती. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटत नव्हता, म्हणून उदगीरच्या मेकॅनिकनं न तपासताच चार्जिंग ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता.

"बसनं जाऊ की," वीरेशची आई पार्वतम्मा म्हणाल्या.

"गाडी दारात असताना? पोराचं लगीन जमवायला निघालोय, बाजाराला न्हाई."

शेवटी शेजाऱ्याच्या जीपवरून वायर जोडून गाडी सुरू झाली, आणि मडिवाळप्पांनी हुकूम सोडला, "आता परत घरी येईस्तवर इंजन बंद करायचं न्हाई. एसी न्हाई, हॉर्न न्हाई. कुणी काच बी वर-खाली करायची न्हाई."

काचा उघड्याच राहिल्या. रेणापूरला पोचेपर्यंत पार्वतम्मांचा अंबाडा सुटला होता आणि वीरेशच्या पांढऱ्या शर्टावर रस्त्याची तांबूस झाक चढली होती. वीरेश गुरांचा डॉक्टर, त्यामुळे कपडे मळण्याची त्याला सवय होती. पण आज त्यालाही वाईट वाटलं.

मुलीचे वडील गुरुबसप्पा दारातच उभे होते. "या, या. गाडी बंद करा की पाव्हणं."

"असू द्या," मडिवाळप्पा म्हणाले आणि आत गेले.

ताटल्यांतून फोडणीच्या मुरमुऱ्यांची सुशीला आली, मुलगी मंजुश्री येऊन बसली, आणि बाहेर गाडी घरघरत राहिली. मडिवाळप्पा दर दोन मिनिटांनी उठून खिडकीतून पाहून यायचे. वीरेशनं मंजुश्रीला शिक्षण विचारलं, पण उत्तर ऐकताना त्याचा एक कान बाहेर होता. इंजिनाचा आवाज जरा खाली आला की तिघंही एकदम दाराकडे बघायचे.

गुरुबसप्पांनी बराच वेळ सोसलं. मग ताटली खाली ठेवून ते म्हणाले, "पाव्हणं, अजून एखादी पोरगी बघायला जायचं असंल तर मोकळ्या मनानं सांगा. आमाला राग न्हाई."

मडिवाळप्पांच्या घशात मुरमुरे अडकले. खरं काय ते पार्वतम्मांनीच सांगून टाकलं. "न्हाई हो अण्णा. गाडी बंद केली की लागत न्हाई. म्हणून ही तऱ्हा."

मंजुश्रीनं पहिल्यांदाच मान वर केली. "चालू गाडीत व्होल्टेज किती येतो?"

कुणालाच माहीत नव्हतं. कुणी मोजलाच नव्हता. मंजुश्री लातूरच्या आयटीआयमध्ये मुलांना वीजतंत्र शिकवायची, हे मघाशी तिनं सांगितलं होतं, पण ते कुणी धड ऐकलं नव्हतं. ती उठली आणि आतून मीटर घेऊन आली. "मंजू, साडीला डाग पडंल," गुरुबसप्पा म्हणेपर्यंत पदर खोचला गेला होता आणि बॉनेट वर गेलं होतं.

तिनं बॅटरीला मीटर लावला. "अकरा पॉइंट आठ. चालू गाडीत चौदाच्या आसपास पाहिजे."

"म्हंजे अल्टरनेटर गेला," मडिवाळप्पा खचून म्हणाले.

"थांबा काका, अजून कुठं गेला?" तिनं मीटरची तार अल्टरनेटरच्या बोल्टला टेकवली. "इथं चौदा पॉइंट चार. वीज तयार होतीय, पण बॅटरीपर्यंत पोचत न्हाई. मधल्या जोडात अडकतीय. अल्टरनेटर चांगला, म्हणून लाल दिवा लागला न्हाई. गाडी बंद करा."

"अन् मग लागलीच न्हाई तर?"

"तर जेवून जा," गुरुबसप्पा म्हणाले.

मडिवाळप्पांनी जड हातानं किल्ली फिरवली. अंगणात एकाएकी इतकी शांतता झाली की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यायला लागलं. मंजुश्रीनं आधी बॅटरीची तार सोडवली, मग अल्टरनेटरवरचा नट काढून जाड वायरीची कडी सगळ्यांसमोर धरली. कडीवर काळा, गुळगुळीत, चमकदार रंग होता.

"याला रंग कुणी दिला?"

वीरेश म्हशीकडे बघायला लागला. मडिवाळप्पांचं उदगीरला रंगाचं दुकान होतं.

"दसऱ्याला पूजेच्या आधी," ते हळूच म्हणाले. "गंज लागू नये म्हणून मीच नट काढून दोन हात मारले. आमच्या दुकानातला सगळ्यात भारी माल हाय तो."

"भारीच हाय," मंजुश्री म्हणाली. "वीज बी आरपार जाईना."

गुरुबसप्पा इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. पॉलिश पेपरनं कडी घासली गेली, नट आवळला, दारातल्या ट्रॅक्टरवरून वायर जोडली. गाडी सुरू झाली आणि बॅटरीवर मीटरनं चौदा पॉइंट एक दाखवलं. मग गाडी बंद करून सगळे निवांत जेवले.

निघताना मडिवाळप्पा रिवाजाप्रमाणं म्हणाले, "घरी जाऊन कळवतो."

"न्हाई, आम्ही कळवतो," गुरुबसप्पा म्हणाले. मंजुश्रीनं वीरेशला आपला नंबर दिला. "आठ दिवस रोज सकाळी आकडा पाठवा. चौदाच्या लई खाली आला तर जोड परत बघावा लागंल."

वीरेशनं त्याच संध्याकाळी मीटर विकत घेतला. रोज सकाळी आकडा जायचा, आणि पलीकडून 'ठीक' यायचं. १४.१, ठीक. १३.९, ठीक. १४.२, ठीक. वीरेश तो एक शब्द दवाखान्यात दिवसभर पुन्हा पुन्हा वाचायचा.

सातव्या दिवशी मात्र 'ठीक' आलं नाही. आलं ते असं: 'काल १४.१, आज बी १४.१. रोज हलणारा आकडा थांबला कसा? गाडी कुठं आहे?'

वीरेशनं खरं ते लिहिलं. 'अप्पा परवाच गाडी घेऊन हैदराबादला गेले. दोन दिवस आकडा मनानंच टाकला.'

'का?'

'टाकला नसता तर तुमचं उत्तर आलं नसतं.'

उत्तराची वाट बघता बघता वीरेशनं समोरच्या गाईला एकच इंजेक्शन दोनदा द्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मग मेसेज आला.

'उद्यापासून आकडा नको. फोन करत जा.'