खापरेजींची सरळ रेघ

माझ्या लग्नाची पत्रिका हातात घेतली तेव्हा खापरेजींनी नावं वाचलीच नाहीत. मागच्या बाजूचा मंगल कार्यालयाचा नकाशा पाहिला आणि विचारलं, "इथे तुटक रेघ काहून? रस्ता आहे का नाही?"

जबलपुरातल्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत तेच सर्वांत वरिष्ठ. घर बांधण्याआधी काढतात तसा सॉफ्टवेअरचाही नकाशा असतो, चौकोनांचा आणि बाणांचा. सलग रेघ म्हणजे पक्कं नातं, तुटक म्हणजे नुसता आधार. बाणाचं टोक उघडं की बंद, यावर त्यांनी आमच्या कितीतरी जेवणाच्या सुट्ट्या खाल्ल्या. "बिना नावाचा बाण म्हणजे अफवा," असं म्हणत. आणि फळ्यावर पट्टीशिवाय रेघ ओढायचे, ती पट्टीलाच लाजवेल अशी.

मग एकाएकी त्यांनी रेघ ओढणं सोडलं. खुर्चीत बसून हुकूम द्यायचे, "तू काढ, मी सांगून राहिलो ना." आमच्यासोबत चहाला येईनात. आम्ही म्हटलं, डोक्यात हवा गेली.

एकदा सिहोऱ्याचे एक धान्याचे शेठ गोदामाच्या सॉफ्टवेअरसाठी आले. म्हणाले, बाकीच्यांचं राहू द्या, खापरेजींनीच काढून दाखवावं. मी उत्साहानं पेन पुढे केला. ते नाइलाजानं उठले. गोदामापासून बिलापर्यंतची रेघ निघाली ती गांडुळासारखी. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी पुन्हा ओढली. आणखी बिघडली. त्यांचे कान लाल झाले.

शेठजींनी भाबडेपणानं विचारलं, "ये लहरिया लाइन का मतलब?"

मी झटकन सांगितलं, की हे नातं अजून पक्कं ठरलेलं नाही. शेठजींनी मान डोलावली. मी स्वतःवरच खूश.

खापरेजींनी पेन खाली ठेवला. मग म्हणाले, "नहीं जी. लाइन सीधी ही है. हाथ मेरा काँपता है." आणि माझ्याकडे न बघता, "नसलेली खूण नकाशात घालू नये, भाऊ."

मान खाली घालून मी रेघ पुसली, नवी काढली. ते हात पाठीमागे बांधून शेजारी उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

शेठजी गेल्यावर मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का.

"दाखवलं," ते म्हणाले. "घरी लपवायचं काम पडत नाही. पाहायला कोणी नाहीच. लाज वाटायची ती इथेच."